बर्फाच्या डोंगरावर जोडे काढून

जफरच्या व्हीसीआरने 'पंचतूफान'चा शेवटचा भाग चावून चोथा केला, तेव्हा जफर खुर्चीत पाय वर घेऊन चिवडा खात होता आणि मोठा खूश होता. कॅसेट आत गेली होती, दिवा लागला होता आणि आतून येणारा करकर आवाज जपानी राक्षसाचाच आहे, अशी त्याची समजूत होती. पडद्यावर यायच्या आधीच राक्षस का ओरडतोय, एवढंच त्याला जरा कोडं पडलं होतं.

त्याची बायको आरिफा स्वयंपाकघरातून धावत आली. तिने आधी प्लग ओढला, मग झाकण उघडलं आणि आतली फीत ओढायला सुरुवात केली. फीत शेवयांसारखी हातभर आली, मग दोन हात आली, मग दारापर्यंत गेली.

"काय टाकलं तुम्ही याच्यात?"

"काही नाई. साफ केलं फक्त."

"कायनं?"

"कापसानं."

आरिफाने बोट आत घालून चाचपलं आणि एक टपोरी सरकी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. जफरने सरकीकडे पाहिलं, फितीच्या ढिगाकडे पाहिलं आणि हातातला चिवडा परत पुड्यात टाकला.

व्हीसीआर पुसायला स्पिरिट आणि कापूस लागतो, हे खरं. दुसरीकडचा माणूस त्यासाठी मेडिकलमधून स्वच्छ कापसाचं बंडल आणतो. पण घाटंजीत कापूस विकत घेणं म्हणजे नदीकाठी राहून पाण्याची बाटली आणण्यासारखं आणि त्या साली तर कापूस म्हणाल तिथे होता. बोंडअळीच्या तोंडातून जो वाचला, त्याला व्यापारी भाव देईना आणि खरेदी केंद्र दार उघडेना. मग लोकांनी तो बैठकीत भरला, माजघरात भरला आणि स्वतःच्या खाटा अंगणात काढल्या. वरणात कापूस, चहात कापूस, नवरीच्या मुंडावळ्यांत कापूस. जफरने शेजारच्या भगवानरावांच्या बैठकीतून एक बोंडभर उचलला, तो उचलतानाही त्याला आपण काही घेतोय असं वाटलं नाही.

'पंचतूफान' ही जुनी जपानी मालिका. जपानात ती संपून जमाना लोटला होता. कोणीतरी तिच्यावर हिंदी आवाज चढवून कॅसेटी काढल्या आणि त्या फिरत फिरत नागपूरच्या एका दुकानातून जफरच्या पिशवीत येऊन पडल्या. जफर गावचा केबलवाला. संध्याकाळी सहाला तो आपल्या केबलवर एक भाग लावायचा. त्या वेळेला म्हशीसुद्धा आपल्या आपण घरी यायला शिकल्या होत्या, कारण त्यांना आणायला कोणी जातच नसे.

गोष्ट सोपी होती. लाल, निळा, हिरवा, पिवळा आणि गुलाबी असे पाच वीर. संकट आलं की ते कोलांटी मारायचे आणि कोलांटी संपेपर्यंत अंगात तंग कपडे आणि डोक्यात हेल्मेट आलेलं असायचं. मग एकेक जण हात फिरवून आपलं नाव सांगायचा. मागे रंगीत धूर निघायचा. राक्षस मरायचा, पण दुष्ट महाराणी झंझाना त्याला पुन्हा उठवून ताडाएवढा करायची. मग पाच गाड्या एकमेकींना जुळून एक यंत्रमानव व्हायचा आणि तो त्या ताडाएवढ्या राक्षसाला कापून काढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोकांना हे पाठ होतं, तरी दररोज छातीत धडधडायचं.

भाग संपला की जमीर टेलरच्या दुकानात त्यावर चर्चा बसे. ही चर्चा मी ऐकलेली आहे. विधानसभेत इतकी गंभीर होत नसावी.

"कपडा एक नंबर," जमीर म्हणायचा. "पन पाठीतली चैन दिसते! एवढा मोठा वीर, दुनिया वाचवाले निघाला, अन् मांगून चैन दिसून राह्यली. वरून एक पट्टी मारली असती तं काय बिघडलं असतं?"

"चैनीचं सोडा, जमीरचाचा," फिरोज मेकॅनिक कपाळाला ग्रीस लावत म्हणायचा. "पाच गाड्या जुळून एक रोबो होते, मानलं. पन नटबोल्ट कोन कसते? एकाच्याही हातात पान्हा नाई पाह्यला मी. असा रोबो पांढरकवड्याच्या रस्त्यावर पह्यल्याच खड्ड्यात खुलते."

भगवानराव हे त्यांच्यात वयाने आणि वजनाने मोठे. पस्तीस एकरांचा कापूस, सोयाबीन, तूर पाहणारा हा माणूस सहाच्या ठोक्याला सगळं टाकून टीव्हीपुढे मांडी घालून बसायचा. त्यांचं दुःख वेगळं होतं. "पिवळ्यावर अन्याव हाये," ते म्हणायचे. "त्याले निस्तं खायाले अन् पडाले ठेवलं. कधी त्याच्या हातानं राक्षस मेला? अन् सगळ्यात मोठी कमजोरी म्हनजे टाईम. कोलांटी मारा, नाव सांगा, धूर सोडा. तोवर राक्षस हात बांधून उभा. आपली अळी थांबते काय? पंप पाठीवर घेईस्तोवर अर्धं बोंड खाऊन ढेकर देते."

"थे राक्षसाची शराफत हाये," जमीर म्हणायचा.

"अन् ताकद?" जफर विचारायचा. मालिका त्याने आणलेली असल्यामुळे तिचं चांगलंही कोणीतरी बोलावं असं त्याला वाटे.

"ताकद म्हनजे एकी," भगवानराव म्हणायचे. "एक पडला का चौघं धावते. आपल्यात चौघं पाहाले येते."

पण खरं मर्म आरिफाने ओळखलं होतं. ती एकदा नवऱ्याचा डबा द्यायला आली होती, दारातूनच म्हणाली, "ताकद त्या हेल्मेटात हाये. एकदा हेल्मेट घातलं का आत कोन हाये, कोनाले समजते? वरून आवाज दुसऱ्याचा. जपान्यायनं ॲक्टिंगचा सारा खर्च वाचवला." तेव्हा सगळे हसले. हे वाक्य पुढे आपल्याच गळ्यात पडणार आहे, हे कोणाला माहीत होतं?

तर आता शेवटचा भाग जफरच्या घरात जमिनीवर पसरला होता. आदल्या भागात पाचही वीर बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी पोचले होते, शिखरावर महाराणी झंझाना हसत उभी होती आणि तिथेच 'क्रमशः' आलं होतं. जफर गेले काही दिवस टीव्हीच्या तळाशी पट्टी फिरवत होता: 'रविवारी सहा वाजता, अंतिम युद्ध!' गाव त्या रविवारावर जगत होतं.

आणि पांढरकवड्याचा रामलालसुद्धा. रामलाल हा मोठा केबलवाला. त्याच्याकडे मोठी छत्री, मोठी यंत्रं आणि जफरच्या दुप्पट वाहिन्या. त्याची काळी वायर घाटंजीच्या बसस्टँडपर्यंत येऊन थांबली होती आणि त्याची माणसं घरोघर विचारत फिरत होती. लोकांनी उत्तर दिलं होतं, "शेवटचा भाग होऊ द्या, मंग पाहू." जफरकडे दुसरं काही नव्हतं. शेत नाही, दुकान नाही. खांबाखांबावर स्वतः चढून बांधलेली ती वायर म्हणजेच त्याचं सगळं. रविवारी पडदा कोरा राहिला असता, तर सोमवारी ती वायर लोकांनी कपडे वाळत घालायला वापरली असती.

नागपूरला फोन केला. दुकानदार म्हणाला, दुसरी कॅसेट मुंबईहून मागवावी लागेल, पंधरवडा तरी लागेल.

जमीरच्या दुकानात चौघेही डोकं धरून बसले. शेवटी डबा घेऊन आलेली आरिफाच म्हणाली, "आपनच बनवू."

"काय?"

"शेवटचा भाग. तुमच्याजवळ लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा हाये. जमीरचाचा कपडे शिवतात. फिरोजभाईजवळ गिऱ्हाइकायनं टाकून देलेले हेल्मेट हायेत. आवाज मी देते सगळ्याईचे. रोज ऐकून ऐकून मले पाठच हाये."

"अन् बर्फाचा डोंगर?" फिरोज म्हणाला. "घाटंजीत बर्फ फक्त शरबतवाल्याजवळ भेटते."

मग हळूहळू सगळ्यांच्या माना भगवानरावांकडे वळल्या. भगवानरावांच्या बैठकीत छतापर्यंत कापूस रचलेला होता. पांढराशुभ्र, वर निमुळता, खाली पसरट. जपानातल्या डोंगरालासुद्धा इतका उतार नसेल.

"नाई बा," भगवानराव म्हणाले. "विमल जीव घेईन माहा."

"तुमी पिवळे व्हा, भाऊ," जफर म्हणाला. "अन् यावेळेस पिवळाच जिंकनार."

भगवानराव विरघळले. बाजाराच्या दिवशी त्यांची बायको विमलताई दुपारभर घरात नसते, तेव्हा उरकून टाकायचं ठरलं.

जमीरने रात्रंदिवस मशीन हाणलं. लाल साटिन बँडवाल्यांच्या गणवेशातून उरलेलं, निळं कापड शाळेच्या गणवेशाचं, हिरवं कुणाच्या तरी सोफ्याचं, गुलाबी आरिफाच्या पेटीतलं. पिवळं कापड कमी पडलं, कारण पिवळ्यांचं पोट ठरवल्यापेक्षा जास्त निघालं, म्हणून दोन्ही कुशींना मंडपाची झालर लावली. पण पाचही पोशाखांच्या पाठीत जमीरने चैनीवर पट्टी मारली होती आणि ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. फिरोजने हेल्मेटं रंगवली, काचांना जीपची काळी फिल्म लावली, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांचा एक यंत्रमानव उभा केला. लाल झाला जमीर, कारण शिवणाराच लाल होणार असं त्याने टाके घालतानाच जाहीर केलं होतं. निळा फिरोज, गुलाबी आरिफा, हिरवा जफर. पण कॅमेराही जफरनेच चालवायचा होता. त्यामुळे संपूर्ण अंतिम युद्धात पाच वीर एकत्र कधीच दिसणार नव्हते.

"चौघंच दिसतीन," फिरोज म्हणाला.

"एक जन मांगून येऊन राह्यला असं समजतीन लोक," जफरने धीर दिला.

बाजाराचा शनिवार आला. विमलताई पिशव्या घेऊन बाहेर पडताच भगवानरावांच्या मागच्या दाराने रंगीत माणसं आत शिरली. पहिली अडचण म्हणजे भगवानरावांचं डोकं. हेल्मेट कानापर्यंत येऊन अडकलं. फिरोजने वरून बुक्की मारली, तेव्हा ते आत गेलं ते गेलंच.

"निंगत नाई," आतून आवाज आला.

"आता घालाचंच हाये, भाऊ, काढाचं मंग पाहू."

दुसरी अडचण यंत्रमानव. बैठकीत आणून ठेवताच त्याचा उजवा हात गळाला, मग डावा, मग डोकं गडगडत जाऊन तुळशीपाशी थांबलं. जमीर कंबरेवर हात ठेवून फिरोजकडे पाहू लागला.

"नटबोल्ट?" त्याने विचारलं.

"घाईत राह्यले," फिरोज म्हणाला. मेकॅनिकचं तोंड हेल्मेटात होतं हे बरं झालं.

यंत्रमानव रद्द. महाराणी झंझाना कोण होणार, हे तर कोणी ठरवलंच नव्हतं. जफर म्हणाला, आधी चढाई घेऊ, राणीचं मागून पाहू. चौघांवर भागवणं ऐनवेळी त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने स्टँडवर कॅमेरा चालू केला, धावत जाऊन रांगेत उभा राहिला आणि पाचही वीर आरोळी ठोकून रबरी गमबूट घालून कापसाच्या डोंगरावर चढले. काळ्या काचेतून कोणालाच काही दिसत नव्हतं. पिवळा गुडघ्यापर्यंत रुतला. लाल त्याला ओढायला गेला आणि स्वतः कमरेपर्यंत गेला. एक पडला की चौघं धावतात, हे तत्त्व पाळताना पाचही जण एकावर एक पडले.

आणि दारात विमलताई उभी होती. ती पैशाचा बटवा विसरली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आली होती.

तिने एक क्षण पाहिलं. मग कोपऱ्यातला झाडू उचलला.

"माह्या कापसावर जोडे घालून चढता, मुडद्याहो! लक्ष्मी हाये थे! आमी वेचाच्या आधी नैवेद्य दाखवतो, कपाळाले लावतो, अन् तुमी त्याच्यावर गमबूट घेऊन नाचून राह्यले? उतरा खाली! पह्यले उतरा!"

पाचांच्याही पाचावर धारण बसली. एकेक जण घसरत खाली आला. विमलताईने रांगेवरून नजर फिरवली आणि ती पिवळ्यापाशी थांबली. तोंड झाकलेलं होतं, पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती.

"तुमी पिवळे कायले झाले?"

पिवळ्या हेल्मेटाची काच हळूहळू धुक्याने भरत गेली.

"काढा जोडे. सगळ्यायनं."

पाच वीरांनी गमबूट काढले. जमीर, फिरोज, आरिफा, जफर, कोणालाच हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. या गावात कापसावर जोडा घालून कोणी पाय देत नाही. गाडीत कापूस दाबायला चढतात ते अनवाणीच, मग तो भगवानरावांचा गडी असो की जमीरचा भाऊ. जमीर त्याला रोजी म्हणतो, विमलताई लक्ष्मी म्हणते, पाय मात्र दोघांचेही उघडेच असतात. आज काळ्या काचांमुळे आणि जपानी जोशामुळे सगळे विसरले, याची सगळ्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पाच जोड ओळीने भिंतीशी लावले, चिमूटभर कापूस उचलला आणि कपाळाला, म्हणजे हेल्मेटाला लावला.

"काकू," आरिफा रडकुंडीला येऊन म्हणाली, "शेवटचा भाग फसला व्हीसीआरात. रविवारी नाई लावला तं लोक वायर तोडतीन आमची. म्हनून आमीच करून राह्यलो होतो."

विमलताईचा झाडू खाली आला. तीही सहाला टीव्हीपुढे बसणारी होती. फक्त ती भाजी निवडत बसायची, त्यामुळे आपण मालिका पाहतो असं तिला वाटत नसे.

"असं बोलाचं ना मंग पह्यलेच," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते. अनवानी चढा अन् काय थे मारामारी कराची हाये थे करा."

ती चहा घेऊन आली. चौघांनी हेल्मेटं वर सरकवून तोंडापुरती जागा केली, भगवानरावांना मात्र पपईच्या पानाची दांडी काचेखालून आत घालून चहा ओढावा लागला. मग सगळे अनवाणी चढाई करायला गेले, तेव्हा जफरला कळलं की कॅमेऱ्यातली कॅसेट चहाबरोबरच संपली आहे. कॅमेरा पहिल्यापासून चालू होता. त्यात होतं ते एवढंच: पाच वीर डोंगरावर पडतात, एक बाई झाडू घेऊन येते, वीर जोडे काढतात, नमस्कार करतात, आणि सगळे मिळून चहा पितात.

दुसरी कोरी कॅसेट आणायला वेळ नव्हता. भगवानरावांना हेल्मेटातून सोडवण्यातच संध्याकाळ गेली. त्याला खोबरेल तेल, साबण आणि फिरोजची करवत लागली.

रविवारी दुपारी आरिफा आवाज चढवायला बसली. वीरांसाठी ती उघड्यावर बोलायची आणि झंझानासाठी पितळी हंड्यात तोंड घालून. "हा हा हा! तूफानियों, तुम्हारी मौत मेरे हाथों लिखी है!" हंड्यातून असा आवाज निघाला की शेजारची कोंबडी खुराड्यात शिरली. इथवर छान चाललं होतं. विमलताईच्या बोलण्यावर हंडा चढवायची वेळ आली आणि वीज गेली.

वीज आली तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती.

"लावा तसंच," आरिफा म्हणाली.

जफरने कॅसेट लावली आणि डोळे मिटून घेतले. गावभर टीव्हीवर पाच वीर आरोळी ठोकून बर्फात पडले. दारात महाराणी झंझाना प्रगटली, हंड्यातून हसली, मौतीची धमकी दिली आणि लगेच शुद्ध वऱ्हाडीत म्हणाली, "माह्या कापसावर जोडे घालून चढता, मुडद्याहो!"

जफरच्या घराबाहेर नेहमी ऐकू येणारा आरडाओरडा आज नव्हता. गल्ली चिडीचूप होती. 'पिवळे कायले झाले' आलं, जोडे निघाले, नमस्कार झाला, आरिफाचं 'लोक वायर तोडतीन आमची' हेही आलं, चहा झाला, पिवळ्याने दांडीने चहा ओढला, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. अंतिम युद्ध संपलं होतं. कोणी मेलं नव्हतं.

"गेलं," जफर म्हणाला. "सारं गेलं आपलं." त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

सकाळी तो वायर गुंडाळायची तयारी करूनच बाहेर पडला. पण वायर जागेवर होती. चौकात हॉटेलवाल्याने न मागता चहा पुढे केला. पानवाला म्हणाला, "जोरदार झालं." शाळेतले मास्तर सायकलवरून उतरून म्हणाले, "शेवट पटला. युद्धानं काय होते, भाऊ." भगवानराव आले, तर हॉटेलवाल्याने त्यांच्या कपात गंभीर चेहऱ्याने पपईची दांडी ठेवली. याहून जास्त कोणी काही बोललं नाही. ज्या गावात कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे चौकात कळतं, त्या गावाने पाच वीर कोण हे ओळखलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण नाव कोणी घेतलं नाही. विमलताई बाजारातून जाऊ लागली की मात्र माणसं बाजूला होऊन आपल्या पायांकडे पाहायची.

रामलालला हे कळलं तेव्हा तो चवताळला. त्याने पैसा ओतून शेवटच्या भागाची खरी कॅसेट मुंबईहून मिळवली आणि रिक्षावर भोंगा लावून घाटंजीभर फिरवला: "नकलीपासून सावधान! पंचतूफानचा असली शेवटचा भाग! फक्त रामलाल केबलवर! आज सहा वाजता, बसस्टँडवर मोठ्या टीव्हीवर!"

गाव बसस्टँडवर लोटलं. जफर, आरिफा, जमीर, फिरोज मागे खांबाआड उभे राहिले. भगवानराव आणि विमलताई पुढे सतरंजीवर.

भाग खरा होता. बर्फाचा डोंगर केवढा तरी मोठा. लाल वीर काळे चकचकीत बूट हाणत, बर्फ उडवत वर चढला. पाच गाड्या जुळल्या, यंत्रमानव आला, स्फोट झाले, झंझाना किंचाळत दरीत गेली. पाचही वीर सूर्यास्तापुढे रांगेत उभे राहिले. पाचच्या पाच. 'समाप्त' आलं.

कोणी टाळी वाजवली नाही. मग विमलताई उठून उभी राहिली.

"हा लाल नोहे," ती म्हणाली. "जोडे घालून चढला मेला! लाल कवा जोडे घालून चढते काय?"

"अन् रोबो कुठून आला?" हॉटेलवाला ओरडला. "रोबोचं डोकं तं कवाच गळून पडलं होतं!"

हे त्याला कुठून कळलं, हे फिरोजने विचारलं नाही.

"पिवळा पाहा किती बारीक! हा कोन्या जन्मीचा पिवळा?"

"पाठीत चैन दिसून राह्यली!" ही आरोळी जमीरची होती. त्याला राहवलं नव्हतं.

"डुप्लिकेट हाये! फसवून राह्यला आपल्याले!"

जफर खाली मुंडी घालून सगळं ऐकत होता. शेवटी त्याचं इमान जागं झालं. तो पुढे होऊन म्हणाला, "अरे भाऊ, आयका माहं! हाच असली हाये! जपानातून आलेला. आपला थो..."

"जफरभाई, तुमी लय भोळे हा," मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "म्हनून हे पांढरकवड्याचे लोक तुमाले फसवते."

लोक उठून घरी गेले. काही जणांनी जाताना बसस्टँडवरच्या काळ्या वायरला झटकाही दिला. जफर तिथेच उभा राहिला. आपल्यासाठी सगळं गाव एका सुरात खोटं बोललं, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येत होतं.

पुढे एका दुपारी जफर भगवानरावांकडे बसला होता. केंद्र अजून उघडलं नव्हतं, डोंगर बैठकीत तसाच होता. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि रामलाल उतरला. अंगात कोट, पायात काळे चकचकीत बूट.

"जफरभाई," तो पडेल आवाजात म्हणाला, "थो तुमचा शेवटचा भाग मले द्या. घाटंजीतल्या सोयऱ्याईनं पांढरकवड्यात सांगतलं. आता तिथलेही लोक माह्यावर चिडून राह्यले. म्हनते, झंझानानं चहा पाजला थो भाग लावा, नाई तं वायर तोडतो."

असं म्हणत तो उंबरा ओलांडून आत आला आणि त्याचा पाय डोंगराच्या पायथ्याशी पडला.

"जोडे!" आतून आवाज आला.

रामलाल जागच्या जागी थिजला. त्याने दाराकडे पाहिलं, हातात झाडू घेतलेल्या विमलताईकडे पाहिलं आणि हीच ती चहा पाजणारी झंझाना, हे ओळखून तो पांढरा पडला. त्याने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी नीट जोडीने लावले, आणि कोणी न सांगता चिमूटभर कापूस उचलून कपाळाला लावला. त्याचा बापही कापसाचाच माणूस होता.

"हां," विमलताई म्हणाली. "बसा आता. चहा टाकते."

ती आत वळली. भगवानराव सरकत सरकत जफरजवळ आले.

"जफर," ते त्याच्या कानाशी म्हणाले, "क्यामेरा कुठी हाये?"